एंटर दाबू नका

माझ्या दुकानात येणारी काही माणसं आवाज खाली करून बोलतात. प्रिंटर बिघडलेला माणूस रस्त्यावरूनच सांगत येतो, "मॅडम, हा परत कागद खायला लागला." कीबोर्डवर चहा सांडलेला माणूस हसत येतो. पण ज्याच्या कॉम्प्युटरमध्ये नको ते शिरलेलं असतं, तो आधी चार्जरचा भाव विचारतो, काउंटरवरचे माउस उचलून बघतो, दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतो आणि मग म्हणतो, "जरा माझा लॅपटॉप बघाल का? म्हणजे, मी काही केलेलं नाही."

‘मी काही केलेलं नाही’ हे वाक्य ऐकलं की मी त्याला पडद्यामागे बोलावते, बसायला स्टूल देते आणि पंखा त्याच्याकडे वळवते. यंत्र नंतर बघते.

अलिबागला मी हे दुरुस्तीचं दुकान टाकलं त्याला आता बरीच वर्षं झाली. माहेर म्हसळ्याचं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मुलीने नोकरी करावी आणि तीही सरकारी, असं त्यांचं म्हणणं. मी कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायला लागले, मग क्लासातले बिघडलेले कॉम्प्युटर उघडायला लागले आणि तिथेच रमले. दुकान नवीन होतं तेव्हा लोक येऊन मलाच विचारायचे, "दुरुस्त करणारे कधी येतील?" मी म्हणायचे, "आलेत, बसा."

तेव्हाचं काम म्हणजे धूळ, मुंग्या आणि खारा वारा. आमच्याकडे समुद्राच्या हवेने यंत्राच्या आतले भाग गंजतात, ते पुसायचे, बदलायचे. आता तसली कामं कमी झाली. आता जे येतं ते तारेतून येतं, हवेतून येतं, आणि स्क्रू काढून ते दिसत नाही. त्याबद्दलच लिहायचं ठरवलंय, कारण हा अंक वाचणाऱ्या बहुतेकांच्या हातात एक तरी स्क्रीन असणारच.

इंटरनेटवरचं पान आपण वाचायचा कागद समजतो. ते तसं नसतं. पान उघडलं की अक्षरं आणि चित्रं येतात, त्यांच्याबरोबर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूचनाही येतात. त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. नकाशा बोटाने सरकतो, तिकीट काढताना रिकाम्या सीट दिसतात, हे सगळं त्या सूचनांचं काम. म्हणजे स्क्रिप्ट मुळात वाईट नव्हे. पण एखाद्या भल्या माणसाच्या पानात चोर आपल्या दोन ओळी घुसवू शकतो. आणि आपला ब्राउझर, म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून आपण इंटरनेट बघतो तो, कुठली ओळ कोणाची हे विचारत बसत नाही.

सुदैवाने ब्राउझर बनवणाऱ्यांनी या सूचनांना हद्द आखून दिलेली असते. पानाने पानापुरतं काय ते करावं, तुमच्या कॉम्प्युटरमधल्या फायलींना हात लावू नये. ब्राउझर वेळच्या वेळी अपडेट करत राहिलं तर ही हद्द सहसा मोडत नाही. चोरांनाही ते कळलंय. म्हणून ते आता फार खटपट करत नाहीत. ते तुम्हालाच गोड बोलून दार उघडायला लावतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक भानगडी अशा आतून उघडलेल्या दाराच्या असतात.

तांबे गुरुजींचं तसंच झालं. नाव बदललंय, पण गुरुजी खरे आहेत आणि लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे.

मी म्हसळ्याला माहेरी गेले होते. वहिनी म्हणाली, "तांबे गुरुजींच्या सुनेचा निरोप आहे, जमलं तर जाऊन ये. कॉम्प्युटरचं काहीतरी आहे." तांबे गुरुजी माझ्या वडिलांचे सहकारी, निवृत्त मुख्याध्यापक. समाजात त्यांना फार मान. कुणाचं लग्न लावायचं असो, कुणाच्या घरातलं भांडण मिटवायचं असो, गुरुजींना बोलावणं ठरलेलं. संध्याकाळी बुद्धविहारात ते शाळेच्या मुलांचा अभ्यास घ्यायचे. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना वाचायला, गाणी ऐकायला एक कॉम्प्युटर घेऊन दिला होता.

मी गेले तर सून रंजना दारातच म्हणाली, "ताई, तुम्ही एकट्याच बघा. मी आत आहे." आणि ती खरंच आत गेली. गुरुजी हॉलमध्ये वर्तमानपत्र उघडून बसले होते. "ये बाळ," म्हणाले, पण वर बघितलं नाही.

"गुरुजी, नेमकं काय होतं?"

"ते येतं."

"काय येतं?"

"कोपऱ्यात. खालच्या." वर्तमानपत्र थोडं वर गेलं. "तू बघू नकोस. नुसतं बंद करता येत असेल तर कर."

मी कॉम्प्युटर सुरू केला. थोड्या वेळाने उजव्या कोपऱ्यात खालून एक चिठ्ठी सरकत वर आली. तिच्यावर एका बाईचं चित्र आणि खाली दोन ओळी होत्या. त्या इथे लिहिता येणार नाहीत. ती गेली, दुसरी आली. तिसरीवर लाल अक्षरात लिहिलं होतं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब इथे दाबा. मी मान वळवली तर गुरुजी उठून पडवीत जाऊन उभे राहिले होते, माझ्याकडे पाठ करून.

घरात काय झालं असेल ते मला समजलं. रंजनाने नंतर सांगितलंच. नात शाळेचा प्रकल्प करायला आजोबांच्या कॉम्प्युटरवर बसली होती आणि ते चित्र तिच्यासमोर आलं. मुलगा वडिलांना एका शब्दाने बोलला नाही. त्याने फक्त कॉम्प्युटर गुरुजींच्या खोलीतून उचलून हॉलमध्ये आणून ठेवला. गुरुजींनीही काही विचारलं नाही. विहारात अभ्यास घ्यायला जाणं मात्र त्यांनी बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाले.

मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेले. तिथे एक जागा असते, कोणकोणत्या साइटला तुम्हाला सूचना पाठवायची मुभा आहे ते दाखवणारी. गुरुजींच्या कॉम्प्युटरवर तिथे एकच नाव होतं, फुकट गाणी ऐकवणाऱ्या एका साइटचं.

"गुरुजी, तुम्ही जुन्या जलशांची गाणी शोधत होतात का?"

ते वळले. "तुला कसं कळलं?"

"इथे त्या साइटला परवानगी दिलेली आहे."

गुरुजी आत आले. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि पहिल्यांदा स्क्रीनकडे बघितलं. "गाणं ऐकायचं असेल तर अलाऊ दाबा, असं लिहिलं होतं," ते म्हणाले. "मी दाबलं. जन्मभर पोरांना शिकवलं, परवानगी विचारल्याशिवाय काही करायचं नाही. त्याने विचारली, म्हणून मी दिली."

एवढंच झालं होतं. त्या एका ‘अलाऊ’मुळे त्या साइटला वाटेल तेव्हा चिठ्ठी पाठवायची मुभा मिळाली होती. पान बंद केलं तरी चिठ्ठ्या थांबत नाहीत. गुरुजींनी काही उघडलं नव्हतं, काही शोधलं नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नव्हता, चिठ्ठीवर लिहिलेलं तेही खोटंच होतं.

परवानगी काढून टाकून मला निघता आलं असतं. पण मी रंजनाला आणि तिच्या नवऱ्याला बोलावलं. त्यांना ती परवानगी दाखवली, ती तशीच ठेवून सगळी पानं बंद केली, हात मांडीवर ठेवून बसले. कुणीही कशाला हात लावला नाही. आणि कोपऱ्यातून चिठ्ठी वर आली. मी चटकन तळहाताने ती झाकली.

"बघितलंत? आता हे कोणी केलं?"

मुलाने माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "अण्णा, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला माहीत आहे," गुरुजी म्हणाले. "तुझ्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. पण विचारायचं रे."

मी परवानगी कायमची काढली आणि इथून पुढे कुठल्याही साइटला ती मागताच येणार नाही अशी सोय केली. रंजना चहा टाकायला गेली ती तिकडे बराच वेळ डोळे पुसत होती. मुलाने कॉम्प्युटरच्या वायरी स्वतः काढल्या आणि तो उचलून गुरुजींच्या खोलीत नेऊन लावला. मी निघताना गुरुजी नातीला विचारत होते, "आज विहारात पोरं यायचीत ना गं?" गुडघ्यांचं कुणी काही काढलं नाही.

तुमच्या घरात असं कोपऱ्यातून काही येत असेल तर आधी तिथे जाऊन बघा. माणसावर संशय नंतर घ्या.

दुसरी गोष्ट नागावची.

कुंदाताई राऊत यांची नागावला नारळी-पोफळीची वाडी आहे आणि वाडीतच पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. मिस्टर वाडी बघतात, कुंदाताई पाहुणे आणि स्वयंपाक बघतात. होमस्टेची साइट त्यांनी काही वर्षांपूर्वी पनवेलच्या एका मुलाकडून करून घेतली होती. तो मुलगा पुढे परदेशी गेला आणि साइट तशीच राहिली. मी गेले होते ते वेगळ्याच कामाला. मागच्या खोल्यांत वायफाय पोचत नव्हतं म्हणून मी स्टुलावर चढून भिंतीवर एक डबी ठोकत होते. कुंदाताई खाली पाटा-वरवंटा घेऊन बसल्या होत्या. पाहुण्यांना मिक्सरचं वाटण चालतं, त्यांना स्वतःला चालत नाही.

"मॅडम, लोकांना काय झालंय कळत न्हाय," त्या म्हणाल्या. "फोन करून म्हणतात, तुमची साइट आम्हाला विचारते, तुम्ही माणूस हाय का रोबो. मी म्हटलं, मी कशाला विचारू? मला माणसंच पायजेत."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस. मला ठाऊक हाय हे कोनाचं काम हाय ते." त्यांनी भिजल्या मिरच्यांनी लाल झालेला हात शेजारच्या वाडीकडे केला. तिथे दत्ता म्हात्रे राहतात, त्यांचाही होमस्टे आहे. दोन्ही घरांचं पूर्वी चांगलं होतं. मग दत्ताभाऊंनी रस्त्याच्या वळणावर मोठा बोर्ड लावला, त्याच्यामागे कुंदाताईंचा बोर्ड झाकला गेला आणि बोलणं बंद झालं.

मी खाली उतरले आणि माझ्या फोनवर त्यांची साइट उघडली. विहीर दिसली, झोपाळा दिसला, पापलेटचं ताट दिसलं. सगळं ठीक. मग त्यांच्या लॅपटॉपवर साइटच्या मालकाचा पासवर्ड घालून आत गेले. तिथेही सगळं ठीक.

"मला तर काही दिसत नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणते मी. मलाही दिसत न्हाय. दत्ताभाऊच कोनाकडून तरी फोन करवतो."

मी परत स्टुलावर चढले. तेवढ्यात कुंदाताईंचा फोन वाजला. हात वाटणाने भरलेले, म्हणून त्यांनी कोपराने बटण दाबून स्पीकर लावला.

"नमस्कार, मी मनीषा बोलतेय, पुण्याहून," एका तरुण बाईचा आवाज आला. "आम्ही मैत्रिणी तुमच्याकडे यायचं म्हणतोय. मी तुमच्या साइटवरच आहे. ते माणूस असल्याची खात्री करायची आहे ना, ते करतेय. त्यात लिहिलेल्या पहिल्या दोन गोष्टी केल्या. एक छोटी चौकट उघडलीय आणि तिच्यात लांबच लांब काहीतरी आलंय. आता एंटर दाबायचं ना?"

"दाबा की," कुंदाताई अगत्याने म्हणाल्या. "लिहिलंय तर दाबा."

मी स्टुलावरून उडी मारली. "दाबू नका. एंटर दाबू नका, हात कीबोर्डवरून काढा."

"कोण बोलतंय?"

"मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. तुम्ही दाबलंत का?"

उत्तर आलं नाही. फोन तुटला होता. माडांच्या गर्दीत रेंज अशी मध्येच जाते.

या दोन-तीन मिनिटांत काय पणाला लागलं होतं ते सांगते. हा अलीकडचा डाव आहे. पान तुम्हाला म्हणतं, तुम्ही माणूस असल्याची खूण करा. खरी पानंही असं म्हणतात, त्यामुळे संशय येत नाही. तुम्ही खूण करता, आणि त्याच क्षणी पानातली चोराची स्क्रिप्ट एक आज्ञा गुपचूप तुमच्या कॉपी-पेस्टच्या जागेत ठेवून देते. मग पान म्हणतं, खात्रीसाठी आता खिडकीच्या चित्राची कळ आणि आर एकत्र दाबा. त्याने एक छोटी चौकट उघडते. ती चौकट पानाची नसते, तुमच्या कॉम्प्युटरची असते. तिच्यात लिहिलेलं कॉम्प्युटर मालकाचा हुकूम म्हणून पाळतो. मग सांगतात, पेस्ट करा. शेवटी सांगतात, एंटर दाबा. दाबलंत की तुमचा कॉम्प्युटर स्वतः जाऊन चोराचा प्रोग्रॅम घेऊन येतो. साठवलेले पासवर्ड, मेल, जे हाताला लागेल ते तो बाहेर पाठवायला लागतो. ब्राउझर मध्ये पडू शकत नाही, कारण हुकूम ब्राउझरच्या बाहेर, तुमच्याच हाताने दिलेला असतो.

मनीषा त्या शेवटच्या पायरीवर उभी होती.

कुंदाताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्या उठल्या. "रस्त्यावर रेंज येते," म्हणाल्या आणि तशाच हातांनी पुढे पळाल्या, मी फोन घेऊन मागे. फाटकापाशी रेंज आली. मी नंबर लावला तर एंगेज. परत लावला, परत एंगेज. कुंदाताई म्हणाल्या, "कोनाशी बोलते ती?" आणि मग माझ्या लक्षात आलं, ती आम्हालाच लावत होती. दोन्हीकडून लावलं की कुणाचाच लागत नाही. मी फोन कठड्यावर ठेवला आणि हात मागे घेतले. आम्ही दोघी त्या फोनकडे बघत उभ्या राहिलो.

तो वाजला.

"दाबलं नाही," हे तिचं पहिलं वाक्य. "तुम्ही बोललात तेव्हा बोट कळीवरच होतं. पण दाबलं नाही."

मी कठड्यावरच बसले. कुंदाताई विचारत होत्या, "न्हाय ना दाबलं? न्हाय ना?" मी मान हलवली तशी त्यांनी वाटणाचा हात कपाळाला लावला आणि डोळ्यांत मिरची गेली.

"आता ती चौकट फुलीवर दाबून बंद करा," मी मनीषाला सांगितलं. "मग ब्राउझर बंद करा. मग कुठलाही साधा शब्द कॉपी करा, म्हणजे ती ओळ पुसली जाईल."

तिने एकेक करून केलं. मग आवाज खाली केला. तो आवाज मी ओळखते. "ताई, मी हॉस्पिटलमध्ये आहे. पेशंटच्या नोंदणीच्या खिडकीवर. जेवणाची सुट्टी होती म्हणून इथल्याच कॉम्प्युटरवर बघत होते. यावर सगळ्या पेशंटचे रिपोर्ट असतात."

मी कठड्यावरून उठले. मग म्हटलं, "तुमच्याकडे कॉम्प्युटरचं बघणारं कोणी आहे ना? त्यांना आत्ता जाऊन सांगा."

"ओरडतील हो."

"ओरडले तर माझ्याशी बोलायला द्या. तुम्हाला शंका आली, तुम्ही थांबलात आणि विचारलंत. एवढंही बरेच जण करत नाहीत."

तिने सांगितलं. हे मला कळलं कारण थोड्या वेळाने त्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातल्या माणसाचाच फोन आला. तो ओरडणारा नव्हता. म्हणाला, "मनीषाताईंचं मशीन पूर्ण तपासलं, काही शिरलेलं नाही. दुसऱ्या एका रिकाम्या मशीनवर मी तुमची साइट उघडून बघितली. पहिल्यांदा ते पान आलं, दुसऱ्यांदा आलंच नाही." मग आम्ही दोघांनी मिळून कोडं सोडवलं. ती स्क्रिप्ट फोनवर दिसत नव्हती, साइटच्या मालकाला दिसत नव्हती, आणि एकदा दिसलेल्याला परत दिसत नव्हती. चोराने ती नेमकी अशी लिहिली होती की कुंदाताईंना ती कधीच सापडू नये. पाहुणे खरं बोलत होते आणि कुंदाताईही खरंच बोलत होत्या.

"आधी साइट बंद करायला हवी," मी कुंदाताईंना म्हटलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील सुट्ट्या तोंडावर आल्यात, बंद कशी ठेवू. त्या विचारही न करता म्हणाल्या, "करा. मला लोकांनी चांगलं जेवून जायला पायजे, माझ्या दारातून असलं काय घेऊन जायला नको."

मी साइट उतरवली आणि तिच्या जागी फोन नंबर लिहिलेलं साधं पान ठेवलं. तेवढ्यात कुंदाताईंनी हात-तोंड धुतलं, फाटकापाशी खुर्ची नेली आणि ज्यांनी ज्यांनी रोबोची तक्रार केली होती त्यांना फोन लावायला घेतले. मी त्यांना इतकंच शिकवलं होतं: एंटर दाबलं का विचारा; दाबलं असेल तर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद करून तो जाणकाराला दाखवायला सांगा, आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलायला सांगा. बहुतेकांनी ते पान बघून कंटाळून बंद केलं होतं. ज्या आळसाला आपण नावं ठेवतो त्याने त्या सगळ्यांना वाचवलं. ठाण्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी मात्र दाबलं होतं. त्यांचं मेल दुसऱ्याच कुणीतरी वापरायला लागलं होतं, ओळखीच्यांना त्यांच्या नावाने भलतंच काही जात होतं, आणि हे कुठून झालं त्यांना कळत नव्हतं. कुंदाताई त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या. मी त्यांना पुढे काय करायचं ते समजावलं. नंतर त्यांचं मेल त्यांना परत मिळालं, पण आधी बराच मनस्ताप झाला. फोन ठेवल्यावर कुंदाताई म्हणाल्या, "मी त्यांना खोटारडं समजले होते. आणि ते मला म्हणतात, तुम्ही कळवलंत हे बरं केलंत."

चोर शिरला कुठून ते मला त्याच दुपारी सापडलं. साइटवर फोटो दाखवण्यासाठी पनवेलच्या मुलाने एक तयार जोड, म्हणजे प्लगइन, बसवली होती. साइट केल्यापासून ती अपडेट झाली नव्हती आणि तिच्यात एक भोक राहून गेलं होतं. साइटच्या मालकांच्या यादीत एक अनोळखी नावही येऊन बसलं होतं. पुढे मी ते नाव हाकललं, जोड बदलली, सगळे पासवर्ड नवे केले आणि जुन्या स्वच्छ प्रतीवरून साइट परत उभी केली. पण त्या दुपारी माझ्या डोक्यात दुसरंच आलं.

"कुंदाताई, हे दत्ताभाऊंचं काम नाही," मी म्हटलं. "हे करणाऱ्याला नागाव कुठे आहे तेही माहीत नसेल. असली भोकं शोधत जगभर प्रोग्रॅम फिरत असतात. जिथे सापडलं तिथे घुसतात. दत्ताभाऊंची साइट कोणी केली?"

"त्याच पोराने. आम्ही दोघांनी मिळूनच सांगितली होती. तेव्हा बोलत होतो ना आम्ही."

त्या बोलता बोलता थांबल्या.

"मग त्यांच्यात पण असंल?"

"बहुतेक."

"तुम्ही जाऊन सांगा."

"सांगीन. पण ते मला ओळखत नाहीत. एक अनोळखी बाई दारात येऊन म्हणाली, तुमच्या साइटमध्ये चोर आहे, मला तुमचा पासवर्ड द्या, तर मी स्वतः तिला उभी करणार नाही. आणि मी लोकांना हेच शिकवते, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका."

कुंदाताईंनी केस सारखे केले, पदर खोचला आणि चपला घातल्या. मी त्यांच्यामागून शेजारच्या वाडीत गेले. दत्ताभाऊ ओट्याच्या पायरीवर बसून नारळ सोलत होते. कुंदाताईंना बघून ते उभे राहिले. सोलायचं हत्यार हातातच राहिलं.

"वहिनी?"

"भाऊ, माझ्या साइटमध्ये चोर शिरलाय," कुंदाताईंनी सरळ सुरुवात केली. "लोकांना रोबो हाय का विचारतो आनि त्यांचे कॉम्प्युटर खराब करतो. तुझ्यात पण शिरला असंल. या मॅडम अलिबागच्या, त्या बघतील." मग म्हणाल्या, "मला वाटलं, तूच केलंस."

दत्ताभाऊंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. हत्यार खाली ठेवलं.

"माझे पन पाहुणे रोबोचंच सांगत होते," ते म्हणाले. "मला वाटलं, तू केलंस."

मग दत्ताभाऊंनी आत तोंड करून बायकोला हाक मारली, "अगो, पाणी आन. राऊतांच्या वहिनी आल्यात."

"पाणी नको," कुंदाताई पायरीवर बसत म्हणाल्या, "चहाच टाकायला सांग. मॅडमना वेळ लागंल."